ट्रॅक्टरच्या शेपटीला पाणी

त्या पट्टीबद्दल मला कुणी शाबासकी दिली की माझं डोकं फिरतं. अजून देतात. सहा वर्षं झाली, तरी पोयनाडच्या बाजारात कुणी ना कुणी भेटतो, पाठीवर थाप मारतो आणि बरोबरच्या माणसाला सांगतो, "हा आमचा हिरामण लोहार. खांड गेली तवा ट्रॅक्टरची वाकडी शेपटी यानंच सरळ केली व्हती, मुंबईवाल्यांना जमलं न्हाय ते." मी हसल्यासारखं करतो आणि मिरच्या न घेताच घरी येतो. बायको विचारते, मिरच्या कुठं हायत? काय सांगू तिला, डोंबल?

आता विचारलंच आहे तर नीट ऐका. आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. घरं टेकाडावर, आणि खाली खाडीपर्यंत सगळी भातशेती. खाडी आणि शेत यांच्या मध्ये एकच वस्तू, मातीचा बांध. आम्ही त्याला बाहेरकाठा म्हणतो. तो उभा आहे तोवर आत भात आणि घरात चूल. तो फुटला की भरतीचं पाणी शेतात. खारं पाणी एकदा शिरून बसलं की दोन दोन, तीन तीन पावसाळे जमीन धुऊन निघाल्याशिवाय तिथं काडी उगवत नाही. बांध फुटतो त्या भगदाडाला खांड म्हणतात. 'खांड गेली' हे शब्द आमच्याकडे कुणी थट्टेतसुद्धा बोलत नाही.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येच्या उधाणाला खांड गेली. खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता, आणि आम्ही रोज त्याच्यावरून ये-जा करणाऱ्या शहाण्यांना पत्ता नव्हता. पंधरा हात बांध खाडीत बसला. नशीब एवढंच की आत आलेलं पाणी काठच्या तीन-चार शेतांपुरतं राहिलं आणि हस्ताच्या पावसाने धुऊन निघालं. पण पुढे पुनव होती. आश्विनातली, आमच्याकडे तिला नव्याची पुनव म्हणतात. तिचं उधाण मोठं. आणि भाताचा दाणा भरत आलेला, आणखी पंधरवड्यात पिवळा पडला असता.

अमावास्या आणि पुनव यांच्या मधे अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. म्हणजे भरती येते, पण निम्मीच चढते. खांड बांधायची ती या भांगात. दोन्ही बाजूंनी दगड-माती भरत यायचं, मधे तीन-चार हातांचं तोंड ठेवायचं, आणि ते शेवटचं तोंड एका ओहोटीत बंद करायचं. अर्धं ठेवलंत तर येणारी भरती केलेलं सगळं घेऊन जाते. तर हिशेब असा होता, की पुनवेच्या दुपारी बाराला पाणी पुरतं चढायच्या आत तोंड बंद झालं तर गाव जेवणार. नाही झालं तर नाही.

पूर्वी अशा वेळी जोळ बोलवायचे. जोळ म्हणजे घरटी एक माणूस, पाटी आणि फावडं घेऊन बांधावर हजर, मग तो मुंबईला गिरणीत असो की मिठागरावर. त्या वर्षी जोळ बोलावला नाही. कारण आमचे रावजीदादा. सोसायटीचे चेअरमन. माणूस सोन्यासारखा, पण नव्या वस्तूचा भारी सोस. पलीकडच्या मोठ्या गावच्या सोसायटीकडून ते पुनवेपर्यंत ट्रॅक्टर मागून घेऊन आले, लाल, ट्रॉलीसकट. बांधावर सरकारने दोन वर्षांमागे मुरूम टाकून तो रुंद केला होता, ट्रॅक्टर आरामात जात होता. डोंगराच्या खाणीतून दगड भरायचा आणि थेट खांडीवर ओतायचा. रावजीदादा म्हणाले, "शंभर माणसांचं काम एकटा करतोय. गिरणीतल्यांनी रजा कशाला टाकायच्या?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

ट्रॅक्टरबरोबर ड्रायव्हर आला चांगदेव, पालीकडचा. तिशीचा पोरगा, कमी बोलायचा, पण यंत्राला जीव लावणारा. खंडेनवमीला त्याने ट्रॅक्टरला हार घातला, नारळ फोडला, आणि त्या दिवशी चावीला हात लावला नाही. मीही माझी ऐरण धुऊन पुजली, भट्टी बंद. कुणी काही म्हणालं नाही, हत्याराची पूजा त्या दिवशी सगळेच करतात. दसऱ्याला पुन्हा काम सुरू झालं. आणि एकादशीच्या सकाळी घात झाला.

ट्रॉली जास्त भरली होती. बांधावर चढताना तिचं एक चाक ओल्यात रुतलं. मागून वीस माणसं ढकलतायत, चांगदेव पुढून ओढतोय, आणि एकदम ट्रॅक्टर तिरका झाला. खाली उतरून बघतात तर शेपटी वाकलेली. शेपटी हे आमचं नाव. चांगदेव ड्राबार म्हणायचा. ट्रॅक्टरच्या मागे चार बोटं रुंद, दोन हात लांब, जाड लोखंडी पट्टी असते, टोकाला भोक. त्या भोकात खीळ घालून ट्रॉली अडकवतात. ती पट्टी विळ्यासारखी वाकली होती. खीळ बसेना, ट्रॉली लागेना.

आता मला सांगा, गावात लोहार कोण? मी. माझा बाप, त्याचा बाप, सगळे इथेच घण मारून मेले. पण रावजीदादांनी माझ्या दारावरून सोसायटीतल्या पोराला, रघूला, रेवसच्या लाँचवर धाडलं, मुंबईला, नवी पट्टी आणायला. दारावरून हो! मी भट्टीपाशी बसलेलो, रघू माझ्याकडे बघून मान खाली घालून गेला. मी बायकोला म्हटलं, "रंगू, आपन काय घोड्याचे नाल मारनारे हाओत काय?" ती म्हणाली, "गप बसा. यंत्राचं हाय, आपल्याला काय कळतंय त्यातलं?" बरोबर बोलली होती ती. तेव्हा मला राग आला.

रघू त्रयोदशीला सकाळी परत आला, हात हलवत. काय केलं होतं त्याने ठाऊक आहे? वाकलेल्या पट्टीवर सुतळी धरून माप घेऊन गेला होता. वाकलेल्या! दुकानदाराने विचारलं, कुठल्या सालचा ट्रॅक्टर, नंबर काय? रघूने सुतळी पुढे केली. दुकानदार म्हणे, "भाई, आ शुं छे? मगवायला पंदर दिवस लागशे." पंधरा दिवस. पुनव परवावर आलेली.

मग आले माझ्याकडे. सगळं गावच आलं म्हणा ना. रावजीदादा पुढे, चांगदेवच्या खांद्यावर ती पट्टी, मागे बायामाणसं. सखुबाई होती. तिचं शेत खांडीला अगदी लागून, पाणी आलं तर पहिलं तिच्यात. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगा मुंबईला, आणि ती एकटी ते शेत करायची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तोंडाने फाटकी, पण मायेची.

रावजीदादा म्हणाले, "हिरामणा, बघतोस का जरा?"

मी म्हटलं, "आमच्याकडं कशाला? मुंबईला दुकानं कमी हायत काय?"

"आरं, राग नंतर धर," सखुबाई कडाडली. "माजं भात पान्यात घालून मंग रुसनार हायेस काय?"

मी पट्टी घेतली. हातात घेतली आणि कळलं, हे आपल्या रोजचं लोखंड नव्हे. वजनाला भारी, घणाचा आवाज वेगळा. पण ते बोलून दाखवणार कोण? चाळीस माणसं दारात उभी, तीन दिवस मला डावललेलं. रंगू भात्यावर बसली. पट्टी भट्टीत घातली, तांबडी झाली, केशरी झाली. मी सांडशीने ऐरणीवर धरली, रघू आणि चांगदेव आळीपाळीने घण घालत होते. तापव, ठोक, परत तापव. उन्हं डोक्यावर आली तोवर पट्टी सुतासारखी सरळ. भोकसुद्धा गोल करून दिलं. चांगदेवने खीळ घालून बघितली, चपखल बसली. लोकांनी असा गलका केला की विचारू नका.

इथवर माझी काही चूक नाही. चूक आहे ती पुढची.

पट्टी लाल तापलेली होती. चांगदेव म्हणाला, "काका, आता ही राखंत पुरून ठेवा. आपापली निवू द्या, सांजपर्यंत. पान्यात घालू नका."

माझे कान टवकारले. लाल लोखंड एका झटक्यात पाण्यात बुडवायचं, याला आम्ही पाणी देणं म्हणतो. त्याने लोखंड कडक होतं, धार धरतं, वाकत नाही. लोहाराची सगळी अब्रू त्या पाण्यात. खाडीकाठच्या बारा गावांत हिरामणच्या पाण्याचं नाव होतं. माझी पहार खडकावर घातली तर खडक सरकेल, पहार वाकणार नाही, असं लोक म्हणायचे. आमच्याकडे एखादा माणूस लेचापेचा निघाला तर म्हणतात, याला पाणीच दिलेलं नाही. आणि हा कालचा पोर मला सांगतो, पाणी देऊ नका!

"का रं?" मी विचारलं.

"वर्कशापात व्हतो दोन वर्सं. असली पट्टी कुनी पान्यात घातली की मिस्त्री शिव्या द्यायचा. म्हनायचा, मारलीस."

"मारलीस म्हंजे काय?"

"ते मला ठावं न्हाय, काका. पन घालायची न्हाय एवढं खरं."

त्याला कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आलं सांगता. आणि माझ्या दारातले लोक लागले बोलायला. बिनपाण्याचं लोखंड? ते उद्या परत वाकणार! एकदा वाकली, दुसऱ्यांदा वाकायला किती वेळ? सखुबाई म्हणाली, "हिरामणा, बिनपान्याचा विळा मी तरी तुज्याकडून घेतला असता काय? दे पानी, आन् चांगलं दे." रावजीदादांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तू लोहार हायेस. तू म्हनशील तसं."

तू म्हणशील तसं! तीन दिवसांनी ऐकायला मिळालं होतं हे. मी दगडाच्या कुंडीत ओंजळभर मीठ टाकलं, पहारीला पाणी देताना टाकतो तसं, पाणी जास्त चढतं त्याने. पट्टी परत तापवली आणि अख्खी बुडवली. फुस्स करून वाफेचा लोट उठला, लोक मागे सरले. आणि त्या आवाजात मला एक बारीक आवाज ऐकू आला. टक्. एवढाच. नखावर नख मारावं तसा.

कोयत्यातून असा आवाज कधी येत नाही. मी रंगूकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिनेही ऐकला होता. मी पट्टी बाहेर काढली, उलटीसुलटी केली, काही दिसलं नाही. काळी, ओली, सरळ पट्टी. वरून कानस मारली, तर कानस घसरली, चरा उमटेना. एवढं कडक पाणी! लोक 'वा' म्हणाले. मी तो आवाज गिळून टाकला. चांगदेव तेवढा पट्टी खांद्यावर टाकून गेला.

चतुर्दशीला पहाटेपासून ट्रॅक्टर धावला. चौदा खेपा! मी स्वतः बांधावर जाऊन बसलो होतो, दर खेपेला शेपटीकडे बघत. केसभर वाकली नाही. दोन्ही बाजूंनी खांड भरत भरत चार हातांचं तोंड उरलं. भरतीला त्या तोंडातून पाणी घुसायचं, आत थोडं पसरायचं, ओहोटीला परत जायचं. संध्याकाळी रावजीदादा माझ्याजवळ आले, तंबाखूची डबी पुढे केली. "हिरामणा, मी चुकलो. तुला सोडून मुंबईला धाडायला नको व्हतं." खरं सांगतो, माझी छाती फुगली. तो टक् आवाज मी साफ विसरलो. विसरलो म्हणजे काय, विसरायचं ठरवलं.

पुनवेला सकाळी सहाला पाणी तळाला गेलं. हीच ती ओहोटी. चार हातांचं तोंड, मोठाले दगड लागणार, चांगदेवने मोजून सांगितलं होतं, बारा खेपा. चार बैलगाड्या मागून माती आणत होत्या. माणसं खांडीत कमरेएवढ्या चिखलात उभी राहून दगड रचत होती. पहिली खेप आली, दुसरी आली. तिसरी, चौथी. ऊन चढायला लागलं. खाडीतलं पाणी थांबलं आणि उलटं फिरलं, भरती लागली. घाई नव्हती तरी सगळे घाई करत होते.

पाचवी खेप चढावर आली. बांधावर यायला तो एकच चढ, तिथेच आधी चाक रुतलं होतं. मी दहा पावलांवर उभा होतो. ट्रॅक्टरने जोर घेतला, चाकं जराशी घसरली, परत धरली, एक हिसका बसला. आणि वाळका बांबू मोडावा तसा आवाज झाला. ट्रॅक्टर उडी मारून पुढे गेला. ट्रॉली मागे सुटली, गडगडत खाली आली, चढाच्या तोंडाशी आडवी झाली आणि उलथली. दोन खंडीभर दगड वाटेत. कुणाला लागलं नाही, एवढी देवाची दया. पण ट्रॉली चढात अशी पडली की मागच्या बैलगाड्याही अडकल्या. एकुलती एक वाट बंद.

मी पळत गेलो. चांगदेव उतरून शेपटीपाशी बसला होता. पट्टी वाकली नव्हती. मोडली होती, काचेसारखी, भोकापासून वीतभर अलीकडे. मोडलेल्या तोंडावर लोखंड दाणेदार, चकाकतं, पिठीसाखरेसारखं दिसत होतं. पण एका कडेला बोटभर डाग होता, काळा. ती जागा आत्ता मोडली नव्हती. ती आधीच फुटलेली होती, दोन दिवसांपासून. त्या आवाजापासून.

चांगदेवने तो डाग बघितला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता हा ओरडणार, मी सांगितलं व्हतं म्हणणार, आणि म्हणायला त्याला शंभर टक्के हक्क होता. तेवढ्यात रावजीदादा धापा टाकत आले. "काय झालं रं? काय झालं?"

चांगदेव उठला. मोडका तुकडा हातात घेतला आणि गरागरा फिरवून खाडीत भिरकावला. "जुनी पट्टी, दादा," तो म्हणाला. "आतून सडलेली व्हती. काकांनी सरळ केली म्हनून दोन दिवस तरी चालली."

मी ते खोटं तसंच राहू दिलं. आणि बोलायला वेळ तरी कुठे होता? बांधाच्या माथ्यापासून सात हात खाली असलेलं पाणी आता पाच हातांवर होतं.

मग जे केलं ते सगळ्यांनीच केलं. ट्रॉली सरळ करायला तीस माणसं लागली आणि ती हललीसुद्धा नाही. चांगदेवने साखळी बांधून ओढून बघितली, साखळी तुटली. मग दगड डोक्यावर. चढापासून खांड पाव मैल. बाया, माणसं, म्हातारे, जो तो दगड उचलून पळत होता, टाकत होता, परत पळत होता. पण गावात माणसं होती किती? निम्मे तर मुंबईला, मिठागरावर. जोळ बोलावला असता तर दोनशे माणूस उभं राहिलं असतं. आम्ही साठ-सत्तर. मी दगड नेत होतो, माझ्या खांद्याची सालं निघाली होती, आणि प्रत्येक दगडामागे मनात एकच मोजणी चालली होती, एका ट्रॉलीत असे किती दगड मावतात.

साडेदहाला पाणी रचलेल्या दगडांना लागलं. अकराला वरून वाहायला लागलं. आम्ही टाकलेले दगड पाण्याने आत लोटले, एकेक करून, घाई न करता. खांडीतल्या माणसांना ओढून वर घ्यावं लागलं. नंतर कुणी दगड आणला नाही. सगळे बांधावर उभे राहिले, नुसते. हात लोंबते. काय करणार होतो आम्ही? खाडीला काय दटावणार होतो?

पाणी सखुबाईच्या शेतात शिरलं. भात छातीएवढं उंच, लोंब्या जड होऊन वाकलेल्या. पाणी आधी बुंध्याशी खेळलं, मग वर चढलं, मग लोंब्या पाण्यावर तरंगायला लागल्या. मग त्याही दिसेनाशा झाल्या. मग पुढचं शेत. मग त्याच्या पुढचं. बारा वाजता टेकाडाच्या पायथ्यापर्यंत नुसती खाडी होती. सखुबाई बांधावर बसली होती, पाय खाली सोडून. रडली नाही. "चला," ती म्हणाली, "गुरांना गवत टाकायचं हाय."

पुढचे दोन दिवस पाणी आणखी चढलं. चार हातांची खांड बावीस हातांची झाली.

मी चार दिवस भट्टी पेटवली नाही. जेवण जाईना. आणि वर लोक येऊन मलाच समजावणार! "हिरामणा, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तू तुजं काम केलंस. पट्टीच सडकी, तू काय करनार?" चांगदेव ट्रॅक्टर घेऊन परत गेला, जाताना माझ्या पाया पडून गेला. त्याने शिवी दिली असती तर मी त्याला मिठी मारली असती.

पाचव्या दिवशी मी सखुबाईकडे गेलो. रंगू म्हणाली, जाऊ नका. मी गेलो. सखुबाई ओटीवर सूप घेऊन बसली होती. दारावर नवं बांधलेलं होतं. पुनवेच्या पहाटे तिने शेतातून चार लोंब्या कापून आणून, आंब्याच्या पानात गुंडाळून चौकटीला लावल्या होत्या, रीत म्हणून. त्या वर्षी तिच्या शेतातलं घरात आलेलं भात तेवढंच.

मी ओटीवर चढलो नाही. खालीच उभा राहून सांगितलं. पट्टी सडकी नव्हती. मी पाणी दिलं म्हणून ती मोडली. पाणी देताना ती फुटली, तो आवाज मी ऐकला होता, आणि मी गप्प बसलो. चांगदेव खोटं बोलला. गाव बुडवलं ते मी. उद्या देवळात सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुला आधी सांगायला आलो.

ती सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सूप फेकून मारणार. मारलं असतं तर बरं.

"आवाज आयकलास?" तिने विचारलं.

"व्हय."

"आन् बोलला न्हाईस."

"न्हाय बोललो."

तिने डोळे मिटले, उघडले. "देवळात जायचं न्हाय," ती म्हणाली. "कुनाला सांगायचं न्हाय. रंगूला सांगून ठेव, तिनंबी न्हाय."

"सखुबाय, मला झोप न्हाय—"

"तुज्या झोपेसाठी मी गाव मोडू?" ती एकदम उसळली. "तीन-चार दिसांनी भांग येतोय. खांड बावीस हात झालीय. ती बांधाया मानसं लागनार, सगळी. रावजीनं जोळ बोलावलाय, मुंबईची मानसं येनार हायत. ती दर्यानं खाल्लं म्हनून येनार हायत. दर्यावर राग धरून कोन घरात बसतंय? पन आपल्याच मानसानं खाल्लं म्हनून कळलं, तर निम्मी तुज्या बाजूनं, निम्मी तुज्या इरुद्ध. रावजीला इचारतील, त्या डायवराला इचारतील, मला इचारतील, मीच वरडले व्हते पानी दे म्हनून. भांडत बसतील आन् खांड तशीच राहील. मंग तीन वर्सं न्हाय, माज्या पोरानं परत कदी हितं नांगर धरायचा न्हाय." तिने सूप परत उचललं. "तुला गप बसायचं व्हतं तवा बसलास. आता मला पायजे म्हनून बस."

घरी आलो.

पुढच्या भांगाला जोळ आला. दोनशे दहा माणूस. गिरणीतले, मिठागरावरचे, पार थळ गावापर्यंतचे सोयरे. कुणी म्हणून घरी बसलं नाही. बांधावर पाट्यांची रांग लागली, पार चढापासून खांडीपर्यंत. सखुबाईचा मुलगाही आला होता, रजा टाकून.

पहिली पाटी टाकायचा मान आमच्याकडे गावातल्या वडीलधाऱ्याचा असतो. रावजीदादांचा होता तो. त्यांनी नारळ फोडला, पाटी भरून घेतली आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली. "ह्या खेपेला हिरामणाच्या हातनं," ते म्हणाले. "त्या दिशी त्यानंच आपल्याला दोन दीस मिळवून दिले." दोनशे माणसांनी जयजयकार केला. मी सखुबाईकडे बघितलं. ती रांगेत उभी होती, डोक्यावर चुंबळ, आणि माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, पापणी हलवली नाही.

मी पाटी घेतली आणि खांडीत टाकली. मग मागच्याने आपली पाटी माझ्या हातात दिली आणि काम सुरू झालं.